आवडलं आणि राग आला: वाचक कट्ट्यावरच्या एका डार्क रोमान्स कादंबरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातल्या एका गावाचं हे वाचनालय. देवळाच्या अग्रशाळेला, म्हणजे भाविकांच्या मुक्कामाच्या इमारतीला, लागून दोन खोल्या, सहा लोखंडी कपाटं आणि पावसाळ्यात ओल येणारी एक भिंत. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी चारला तिथे आमचा वाचक कट्टा भरायचा. सात वर्षं झाली, चालवते मी. दहा-बारा जण येतात, सगळ्यात धाकटी बावीस वर्षांची, सगळ्यात थोरले सर 71 वर्षांचे. घरी सगळे कोंकणी बोलतात, वाचतात मराठी, आणि तिशीच्या आतले बहुतेक इंग्रजी. गोव्याबाहेरच्या माणसाला हे अवघड वाटतं, अंत्रुज महालात, म्हणजे आमच्या फोंड्याकडे, कोणाला वाटत नाही. आमची चर्चा मराठीत सुरू होते आणि रंगली की कोंकणीवर उतरते. सगळे मराठीतच बोलत राहिले तर पुस्तक कोणाला भिडलेलं नाही असं मी समजते.

गेल्या पावसाळ्यात एका कादंबरीवरून या कट्ट्यात जे घडलं ते इथे मांडते आहे. दुसरीकडे असे कट्टे चालवणाऱ्यांना उपयोग होईल, एवढाच हेतू. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नावं गाळली आहेत. कादंबरीचंही नाव देत नाही, कथानकाचे तपशीलही फिरवले आहेत. लेखिकेवर खटला चालवायचा नाही, आणि तसल्या पुस्तकांच्या रांगेत ते सहज खपून जाईल असं आहे.

माणसं पाच लक्षात ठेवली तर पुरे. धाकटी, पणजीला नोकरी करते आणि पुस्तक तिनेच सुचवलं. बँकवाली, वय 31, फार कमी बोलते. काकी, 66. पार्लरवाली, चाळिशीतली, तिला सोळा वर्षांची मुलगी. आणि निवृत्त मुख्याध्यापक सर.

पुस्तक

डार्क रोमान्स हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रेमकथाच, पण नायक पाठलाग करणारा, कोंडून ठेवणारा, कधी गुंड, कधी खुनी. नायिकेची संमती बऱ्याचदा धूसर. अशा पुस्तकांच्या सुरुवातीला लेखिका स्वतःच एक इशारापान देतात: आत पाठलाग आहे, अपहरण आहे, जबरदस्ती आहे, झेपत नसेल तर वाचू नका. परदेशात ही पुस्तकं टिकटॉकवरून पसरली. आपल्याकडे टिकटॉक 2020 च्या जूनमध्ये बंद झालं, त्यामुळे आमच्या मुलींपर्यंत ती इन्स्टाग्रामच्या रील्समधून आली. धाकटीलाही तिथेच सापडलं.

कथा उत्तरेकडच्या एका थंड परदेशी किनाऱ्यावरच्या गावात घडते. जुनी घड्याळं दुरुस्त करणारी एक मुलगी वारलेल्या आत्याच्या घरात राहायला येते. घरात चौदा घड्याळं. रोज सकाळी त्यातलं एक अकरा मिनिटं पुढे गेलेलं असतं, रोज वेगळं. म्हणजे रात्री कोणीतरी आत येतं. आत्या खरंच जिन्यावरून पडली का, हा प्रश्न मागे असतोच. शेजारच्या टेकडीवर जहाजांचा मालक राहतो. तो तिच्यावर नजर ठेवतो, तिची पत्रं फोडतो, आणि पुस्तकाच्या मध्यावर तिला दीपगृहाच्या तळघरात नऊ दिवस कोंडतो. त्या नऊ दिवसांत ती त्याच्या प्रेमात पडते. शेवटी कळतं की खुनी आत्याचा डॉक्टर होता आणि हा बाबा तिला त्याच्यापासूनच वाचवत होता. लग्न होतं. पाने 410.

माझं मत आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही ते शोधत बसाल. पहिली शंभर पानं मला फार आवडली. घड्याळाच्या स्प्रिंगवरचा एक परिच्छेद मी दोनदा वाचला. मग नऊ दिवस आले आणि मी पुस्तक उशीखाली सारलं. अर्ध्या तासाने परत काढलं. पुढे काय झालं ते कळल्याशिवाय झोप येईना. कोंकणीत आम्ही 'मागीर?' म्हणतो, तो 'मागीर' मला पहाटे दोनपर्यंत घेऊन गेला.

अडचण कशी उभी राहिली

पहिली चूक माझी. पुस्तक न वाचता मी हो म्हटलं. धाकटी तीन महिने काही ना काही सुचवत होती आणि मी दर वेळी 'पुढच्या वेळी बघू' म्हणत होते. तिला वाईट वाटू नये म्हणून मान्य केलं. 'सस्पेन्स आहे, ताई' एवढं ती म्हणाली आणि मला रत्नाकर मतकरी, नारायण धारप आठवले.

दुसरी चूक आम्हा सगळ्यांची. पुस्तक महाग होतं, म्हणून कोणीतरी ग्रुपवर पीडीएफ टाकली. ती चोरीची प्रत आहे हे मला कळत होतं आणि मी गप्प राहिले. त्या प्रतीत सुरुवातीची चार पानं नव्हती. इशारापान त्या चार पानांत होतं. लेखिकेने दारावर पाटी लावली होती आणि आम्ही मागच्या दाराने आत शिरलो होतो.

दोन आठवड्यांत चार गोष्टी झाल्या.

काकींचा फोन आला. 'मी एकशेनव्वद पानांवर सोडलं गो. तरुणपणी आम्हीही उशीखाली लपवून वाचलंय, मी काही सोवळी नाही. पण आमच्या वेळचे नायक निदान दार वाजवून आत यायचे.' धाकटीने त्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं की वर्षातलं सगळ्यात भारी पुस्तक. पार्लरवालीचा फोन रात्री: ग्रुपवरची फाइल तिच्या मुलीने तिच्याच फोनवरून स्वतःकडे पाठवली होती आणि वाचून संपवली होती. बँकवालीने काहीच कळवलं नाही. एरवी ती निदान अंगठा तरी टाकते.

चौथं, वाचनालयाच्या समितीतल्या एका गृहस्थांनी मला देवळाच्या पायऱ्यांवर गाठलं. 'असलं पुस्तक देवळाच्या आवारात?' त्यांनी ते वाचलं नव्हतं. वाचायला दिलं असतं तर मला अधिक अडचण झाली असती, म्हणून मी दिलं नाही.

समोर असलेले पर्याय

बैठकीला बारा दिवस होते. मी आणि सर दोनदा बसलो.

पुस्तक रद्द करून दुसरं घ्यावं, हा पहिला विचार. काकी खूश, समिती खूश. पण निम्म्या लोकांनी वाचून झालं होतं, आणि ज्याविषयी बोलायला जागा नाही ते लोक एकटेच डोक्यात घोळवत बसतात. शिवाय धाकटीला कळलं असतं की तिची आवड आमच्या घरात चालत नाही. जसं चाललंय तसं चालू द्यावं, हा दुसरा. तो मी लगेच सोडला, काकींच्या फोननंतर ते बेजबाबदारपणाचं झालं असतं.

तिसरा पर्याय पार्लरवालीने सुचवला होता: फक्त बायकांची बैठक. मला तो खूप पटला होता. मोकळं बोलता येईल, सरांसमोर कोण काय बोलणार? सरांनीच तो खोडून काढला. म्हणाले, 'आम्हा चौघा पुरुषांना बाहेर ठेवलंत तर हा बायकांचा आजार ठरेल. पुस्तकातला पुरुष कसा वागतो यावर बोलायचं आणि पुरुषांनी ऐकायचं नाही, हे कसं?' बरोबर होतं. तरी मी अजून पूर्ण खात्रीने सांगू शकत नाही की तो पर्याय वाईट होता.

समितीच्या आक्षेपावर सरांकडे दाखला होता. चंद्रकांत काकोडकरांवर एका दिवाळी अंकातल्या कथेसाठी अश्लीलतेचा खटला झाला होता आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. सरांनी तो मोठ्या जोशात समितीच्या गृहस्थांना ऐकवला. गृहस्थ शांतपणे म्हणाले, 'कोर्टाने सोडलं म्हणून आमच्या कपाटात ठेवायचं असं कुठे लिहिलंय?' सरांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. बंदी घालावी का आणि आपण हे एकत्र वाचावं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आम्ही पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवत होतो.

काय केलं

शेवटी ठरलं ते असं. पुस्तक तेच, तारीख तीच, जागा बदलायची. बैठक सरांच्या घरी ओसरीवर. वाचनालयाचा कट्टा म्हणून नव्हे, आमचा आमचा. समितीशी भांडण नको होतं, आणि खरं तर ओल आलेल्या खोलीपेक्षा ती ओसरी बरी.

मी ग्रुपवर एक निरोप टाकला. त्यात आत काय काय आहे ते साध्या मराठीत लिहिलं: पाठलाग, कोंडून ठेवणं, इच्छेविरुद्ध जवळीक, एक खून. ज्यांना वाचायचं नाही त्यांनी वाचू नये, न वाचता येऊन बसलं तरी चालेल, आणि मधेच उठून गेलं तर कोणी विचारणार नाही. पीडीएफ काढून टाकली, पण तोवर ती सगळ्यांच्या फोनवर उतरली होती. हे म्हणजे म्हैस बाहेर गेल्यावर गोठ्याला कडी.

पार्लरवालीला वाटत होतं की मी तिच्या मुलीशी बोलावं. 'तू शिकवत होतीस, तुझं ऐकेल.' मी नाही म्हटलं. सोळाव्या वर्षी परक्या बाईने तुमच्या वाचनाची उलटतपासणी घेतली तर पुढचं पुस्तक तुम्ही अधिक खोल लपवता. मी तिला म्हटलं, आधी तू वाच. ती म्हणाली, मला वेळ कुठे? मग वाचलं तिने, पार्लरमध्ये, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात.

चर्चेसाठी मी 'आवडलं की नाही' हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी प्रत्येकाने दोन पानांचे आकडे आणायचे: जिथे श्वास अडकला ते एक आणि जिथे पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं ते एक. ही या प्रकरणातली माझी एकमेव चांगली कल्पना.

बैठकीत काय झालं

नऊ जण आले. काकी आल्या नाहीत. पाऊस इतका होता की सरांनी दोनदा खुर्च्या आत ओढायला लावल्या.

आकडे वाचले तेव्हा सगळे हसले. नऊपैकी सहा जणांची दोन्ही पानं एकच होती, किंवा एकमेकांच्या शेजारची. 187 व्या पानावर नायिका झोपलेली असते आणि तो खाटेशेजारी उभा राहून तिच्याकडे बघत असतो. श्वास तिथेच अडकला होता आणि पुस्तक तिथेच खाली ठेवावंसं वाटलं होतं.

मी माझं म्हणणं मांडलं. प्रेमकथा वाचकाला एक वचन देते, शेवट गोड होईल. रहस्यकथा दुसरं देते, सगळ्याचा उलगडा होईल. दोन्ही एकत्र आली की उलगडाही गोडच निघणार, हे आपल्याला साठाव्या पानापासून ठाऊक असतं. म्हणून रात्री घरात शिरणाऱ्याची आपल्याला खरी भीती वाटत नाही, तो नायक आहे हे मुखपृष्ठानेच सांगितलेलं असतं. आणि शेवटी डॉक्टर खुनी निघाला की कुलपं, फोडलेली पत्रं, तळघर, सगळं एकदम 'तिच्या भल्यासाठी' होऊन जातं. रहस्याचा उलगडा म्हणजे नायकाच्या वकिलाचं शेवटचं भाषण. डॉक्टर जर खुनी नसता, आत्या खरंच जिन्यावरून पडली असती, तर हा माणूस कोण उरला असता?

सर मान डोलावत होते. मला स्वतःचं बोलणं आवडलं, हेही कबूल करते.

मग मी धाकटीला 187 वं पान वाचायला सांगितलं. तिने इंग्रजीत वाचलं, आणि छान वाचलं. ओसरीवर शांतता. चांदणं होतं त्यात, समुद्राचा आवाज, त्याचा थरथरता हात. मग मी म्हटलं, आता हेच कोणीतरी आपल्या बोलीत सांगा. विशेषणं नकोत, शेजारणीला सांगतो तसं. पार्लरवाली म्हणाली, 'राती एक वाजता तो तिच्या कुडींत आयलो. ती न्हिदिल्ली. तो पळयत रावलो.' म्हणजे रात्री एकला तो तिच्या खोलीत आला, ती झोपली होती, तो बघत राहिला.

क्षणभर कोणी बोललं नाही. मग कोणीतरी विचारलं, 'मागीर? पुलिसांक फोन केलो?' आणि ओसरी हसून लोळली.

धाकटी हसली नाही. 'तुम्ही लबाडी केलीत, ताई,' ती म्हणाली. 'इंग्रजीत वाचते तेव्हा मला ठाऊक असतं की हे खोटं आहे. ते गाव खोटं, तो माणूस खोटा. मी पुस्तक मिटलं की तो बाहेर. दाराची कडी माझ्या हातात. तुम्ही ते उचलून फोंड्यात आणलंत. फोंड्यात आणलं की ते वाईटच दिसणार. घाबरायचं पण काही होणार नाही, असं मला कुठे मिळतं? संध्याकाळच्या बसमध्ये तर नाही मिळत.'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ओल्या अंगणाकडे बघत राहिले. ती खरं बोलत होती, आणि पार्लरवालीची तीन वाक्यंही खरी होती.

तेव्हा बँकवाली बोलली. सुरुवातीपासूनच कोंकणीत. चार वर्षांपूर्वी पणजीच्या बसमध्ये एक माणूस रोज असायचा. ती उतरायची तिथे उतरायचा. दोन महिने. ती कितीला जेवायला बाहेर येते हे त्याला ठाऊक होतं, आणि एकदा काउंटरवर तिच्या नावाने चॉकलेटचा डबा आला होता. एक दिवस तो दिसायचा बंद झाला. घरी तिने सांगितलं नव्हतं, नोकरी सोडायला लावतील म्हणून.

सर कळवळून म्हणाले, 'पण बाय, हा गुन्हा आहे. नव्या संहितेत कलम 78 आहे, पाठलागाचं.'

'तेव्हाही होता, सर,' ती म्हणाली.

बरोबरच आहे. 2013 पासून तो जुन्या दंडविधानात होता, 354 ड. जुलै 2024 पासून फक्त आकडा बदलला.

पुढे तिने जे सांगितलं त्याने माझ्या वकिलाच्या भाषणाची हवा गेली. म्हणाली, पुस्तक मी एका रात्रीत वाचलं. तो कोण होता, का येत होता, घड्याळ का पुढे करत होता, तिला शेवटी सगळं कळतं. मला अजून माहीत नाही. नाव माहीत नाही, बंद का झालं तेही माहीत नाही. 'म्हाका आवडलें. आनी आवडलें म्हूण म्हाका राग आयलो.'

मी ज्याला नायकाची पळवाट म्हणत होते तो उलगडाच तिला हवा होता. नायक नको होता, लग्न तर अजिबात नको होतं. फक्त शेवटच्या तीस पानांत कोणीतरी बसून सांगतं की अमुक रात्री अमुक झालं आणि या कारणाने झालं, ते. आयुष्यातल्या अशा गोष्टींना ते शेवटचं प्रकरण बहुधा नसतंच.

इथे या प्रकरणातली तिसरी आणि सगळ्यात मोठी चूक. त्याच क्षणी सरांच्या घरातून चहाची किटली आली, भज्यांची परात आली, आणि मी म्हटलं, 'आधी चहा घेऊया.' मला वाटलं तिला श्वास घ्यायला वेळ मिळेल, सगळ्यांच्या नजरा तिच्यावरून हटतील. कप फिरले. भजी गरम होती. पावसावर बोलणं झालं, चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, कोण कुठे जाणार यावर बोलणं झालं. चहा संपल्यावर परत तिच्याकडे वळायचं कसं ते कोणालाच कळेना, आणि चर्चा पुस्तकाच्या शेवटाकडे गेली. ती साडेपाचला उठून गेली. उठून जाणाऱ्याला विचारायचं नाही, हा नियम मीच केलेला.

परिणाम

दुसऱ्या दिवशी मी तिच्या बँकेजवळ जाऊन तिला भेटले. तक्रार करायची असेल तर सोबत येते म्हटलं, 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे हेही सांगितलं. तिला तक्रार करायची नव्हती. 'ताई, मी ते सांगितलं ते सल्ला मागायला नाही सांगितलं. मी पुस्तकावर बोलत होते. आणि तुम्ही चहा काढलात.' मी माफी मागितली. इशारापान मिळालं असतं तर वाचलं असतंस का, असं विचारलं. थोडा विचार करून म्हणाली, 'वाचलंच असतं. पण दिवसा.'

ही दोन शब्दांची गोष्ट मी अजून विसरलेली नाही. इशारा दिला की लोक घाबरून वाचत नाहीत, किंवा उलट चेकाळून वाचतात, असं मी दोन्ही बाजूंनी ऐकत आले होते. तिसरं कोणी सांगितलं नव्हतं: इशारा मिळाला की माणूस वेळ निवडतो, जागा निवडतो, शेजारी कोण आहे ते बघून पान उघडतो.

पार्लरवालीने मुलीशी बोलणं काढलं. तुला त्यातलं काय आवडलं, एवढंच विचारलं. मुलगी म्हणाली, 'घड्याळं. बाकी सगळ्या पुस्तकांत असंच असतं.' तेव्हा कळलं की तिने अशी सात वाचली आहेत. पार्लरवाली मला म्हणाली, सात ऐकून मी ओरडणार होते, पण मग ती आठव्याचं सांगणार नाही म्हणून गप्प बसले. आता दोघी मिळून एक वाचतायत. कट्टा मात्र पार्लरवालीने सोडला, आणि कारण विचारलं तर वेळ नाही म्हणते. खरंच वेळ नसेल किंवा नसेलही तसं.

काकी दोन महिने आल्या नाहीत. चवथ झाल्यावर आल्या, पिशवीत बाबुराव अर्नाळकरांची एक जीर्ण रहस्यकथा घेऊन. 'हे वाचा, यात कोणी कोणाच्या खाटेशी उभं राहत नाही.' वाचलं तर तिसऱ्याच प्रकरणात एका मुलीला गुंड पळवून नेतात. काकी म्हणाल्या, 'पळवणारा गुंड आहे ना? मग ठीक आहे.' मला हे विनोदी वाटलं होतं, पण सगळ्या बैठकीत इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं. काकींची तक्रार पळवण्याबद्दल नव्हतीच. पळवणाऱ्याच्या गळ्यात शेवटी हार पडतो, त्याबद्दल होती.

समितीतल्या गृहस्थांनी पुन्हा विषय काढला नाही. धाकटीने पुस्तकाचा दुसरा भाग विकत घेतला, या वेळी खरी प्रत, आणि मला दिला. मी 112 व्या पानावर आहे.

आता असतं तर

पुस्तक आधी वाचेन, हे उघड आहे. चोरीची प्रत ग्रुपवर येऊ देणार नाही. पैसे कमी पडले तर दोन प्रती घेऊन फिरवू, महिना जास्त लागेल एवढंच. इशारा पहिल्याच दिवशी देईन. आता आमच्या प्रत्येक पुस्तकाबरोबर एक चिठ्ठी असते, आणि ती मराठी अभिजात पुस्तकांनाही असते, कारण बायकांना कोंडून ठेवण्याची मक्तेदारी काही इंग्रजी लेखिकांकडे नाही.

बोलीत सांगण्याच्या खेळाबद्दल मी अजून दोन मनांची आहे. त्याने गुंगी उतरते हे खरं. पण धाकटीला तो तिच्यावर टाकलेला डाव वाटला, आणि तसा तो थोडा होताच. मी आधी सांगायला हवं होतं की हे करणार आहोत, आणि तिच्या पानाबरोबर माझंही एखादं आवडतं पान त्याच तराजूत टाकायला हवं होतं. माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या लाडक्या कादंबरीतला एक प्रसंग मी नंतर घरी कोंकणीत सांगून पाहिला. नायक तीन वर्षं तिच्या घराच्या कोपऱ्यावर उभा असतो. पुढचं सांगत नाही.

बायकांची वेगळी बैठक घेतली असती तर बँकवाली आधी बोलली असती का? तिला विचारलं. ती म्हणाली, सर होते म्हणून बोलले, ते ऐकतात. म्हणजे या एका बाबतीत आमचा निर्णय बरोबर निघाला, पण नशिबाने.

राहिला चहा. कट्टा अजून सरांच्याच ओसरीवर भरतो. चहा पाचला, असं सरांच्या घरी सांगून ठेवलंय. पण पाचला कोणी बोलत असेल तर किटली आतल्या चुलीवरच राहते. गेल्या महिन्यात बँकवाली बोलत होती, वेगळ्याच पुस्तकावर, आणि आम्ही पावणेसहाला चहा घेतला. चांगलाच कडू झाला होता.